मोजायचेच असेल तर आधी व्यवस्था मोजा!

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका कचेरीत एका ज्युनियर क्लार्क बाईंच्या संगणकावर ई-मेल आला. कचेरीचे नाव देत नाही, कारण बाईंना अजून तिथेच नोकरी करायची आहे. ई-मेलमध्ये लिहिले होते, 'महागाई भत्त्याच्या थकबाकीचा तक्ता सोबत जोडला आहे. आपले नाव तपासून घ्यावे.' महिनाअखेर होती. शेजारच्या दोन खुर्च्या दीड वर्षापासून रिकाम्या, म्हणून बाईंच्या टेबलावर तिघांचे काम. त्यांनी तक्ता उघडला. तक्ता नव्हताच. पडद्यावर लाल अक्षरे उमटली, 'आपण सुरक्षा चाचणीत नापास झाला आहात.'

तो ई-मेल चोराने पाठविलेला नव्हता. व्यवस्थापनाने नेमलेल्या कंत्राटदाराने पाठविला होता. दोन दिवसांनी 'संगणक वापरातील धोकादायक सवयी असणारे कर्मचारी' अशा मथळ्याची यादी निघाली. तीत एकोणीस नावे. साहेबांनी ती मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. बावीस वर्षे निष्कलंक नोकरी केलेल्या बाईंनी चाळीस लोकांसमोर मान खाली घातली.

आता पुढचे ऐका. दीड महिन्याने त्याच कचेरीत दुसऱ्या टेबलावर खरोखरचा संशयास्पद ई-मेल आला. तिथल्या क्लार्कने तो उघडला. संगणक अडखळू लागला. त्या माणसाने काय केले? संगणक बंद केला, डबा उचलला आणि गाडी पकडून घरी गेला. कोणालाही एक शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी युनियन ऑफिसात येऊन मला म्हणाला, 'भाऊ, यादीत विसावं नाव माझं लागेल.'

मी त्याला घेऊन संगणक विभागात गेलो. नशिबाने नुकसान झाले नव्हते. पण या मधल्या वीस तासांचा जबाब कोण देणार? तो क्लार्क, की त्याला गप्प बसायला शिकवणारी ती यादी?

या लेखाचा विषय ते विसावे नाव आहे.

सवयी मोजण्याचे शास्त्र

प्रथम हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. मी मॅट्रिक झालेला माणूस. १९९१ साली खलाशी म्हणून लागलो, खात्याची परीक्षा देऊन क्लार्क झालो. संगणकाचे शिक्षण मला कोणी दिले नाही, खिडकीवर बसून शिकलो. तरी या विषयावर जे हाती लागले ते मी वाचले, तरुण साथींकडून समजून घेतले, आणि मगच लेखणी उचलली.

कारखान्यात किंवा कचेरीत माहितीची चोरी दोन प्रकारे घडते. एक, आतला माणूस फितूर होतो. दोन, आतल्या माणसाच्या मनात काहीही नसताना त्याच्या हातून दार उघडे राहते. या दुसऱ्या प्रकाराला तज्ज्ञांनी 'निर्हेतुक अंतर्गत धोका' असे नाव दिले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने २०१३ साली यावर पायाभूत अभ्यास प्रसिद्ध केला. मग हा धोका मोजायच्या पट्ट्या निघाल्या. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली मांडलेल्या प्रश्नावलीत ६३ विधाने आहेत आणि पासवर्ड, ई-मेल, इंटरनेट, समाजमाध्यमे, मोबाइल, कागदपत्रांची हाताळणी व घटनेची खबर देणे असे सात विषय आहेत. कर्मचाऱ्याला काय माहीत आहे, त्याला काय वाटते आणि तो प्रत्यक्ष काय करतो, हे ती विचारते. २०१५ साली अमेरिकेत १६ प्रश्नांची एक पट्टी निघाली, २०१७ साली इंग्लंडमध्ये धोकादायक सवयींची आणखी एक.

या संशोधकांशी माझे भांडण नाही. अशा प्रश्नावल्या साधारणपणे नाव न विचारता भरून घेतात आणि संपूर्ण संस्थेचे चित्र काढतात. डॉक्टर ताप मोजतो तसेच ते आहे. भांडण सुरू होते ते तापमापक मालकाच्या हातात गेल्यावर! डॉक्टर ताप मोजून औषध देतो. हा मालक ताप मोजून रोग्याचे नाव फळ्यावर लिहितो, आणि ज्या गटाराने रोग झाला त्याच्याकडे पाठ फिरवतो.

माझीही कबुली

कोणाला वाटेल, सेक्रेटरी आपल्या लोकांच्या चुकांवर पांघरूण घालतो आहे. म्हणून आधी माझीच कबुली देतो. माझे पासवर्ड माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर आहेत. पगाराच्या स्लिपेचा एक, रजेच्या अर्जाचा दुसरा, फाइलींचा तिसरा, पास काढण्याचा चौथा. कोणत्याही पट्टीवर मी नापासच ठरेन.

पण ती सवय माझ्या अंगाला जन्मतः चिकटलेली होती काय? चार ठिकाणचे चार पासवर्ड, प्रत्येकात एक मोठे अक्षर, एक अंक, एक खूण, दर काही महिन्यांनी नवा, आणि तीनदा चुकला की खाते बंद. खाते बंद झाले की उघडणारा माणूस दुसऱ्या शहरात, त्याचा फोन दिवसभर व्यस्त. पंचावन्न वर्षांच्या माणसाने डायरी काढली नाही तर काय करावे?

आता तिकीट खिडकीकडे या. नव्या मुलाची बदली होऊन आठ दिवस झाले, पण त्याचे लॉगिन अजून आलेले नाही. खिडकी बंद ठेवली तर लोक काचा फोडतील. मग आधीच्या शिफ्टचा क्लार्क आपल्या लॉगिनवर खिडकी उघडी ठेवून जातो. साहेबांना हे ठाऊक असते. खिडकी चालू आहे तोवर ते काही बोलत नाहीत. पैशांचा घोळ झाला, की मात्र 'लॉगिन तुझे होते' म्हणून वसुली त्या क्लार्कच्या पगारातून! पट्टी काय नोंदवणार? 'कर्मचारी आपला पासवर्ड दुसऱ्यास देतो.' लॉगिन आठ दिवस आले नाही याची नोंद कोणत्या पट्टीवर आहे?

ही केवळ कामगार पुढाऱ्याची ओरड नाही. लंडनमधील अॅन अॅडम्स आणि अँजेला सास या दोन संशोधक बाईंनी १९९९ सालीच निबंध लिहिला. 'वापरणारे शत्रू नव्हेत' असेच त्याचे नाव. लोक पासवर्ड लिहून ठेवतात किंवा एकमेकांना देतात ते बेफिकिरीने नव्हे, तर कामाशी न जुळणारी सुरक्षा त्यांच्यावर लादली जाते म्हणून, असे त्यांनी दाखवून दिले. या गोष्टीला पाव शतक उलटले. आमच्या साहेबांच्या टेबलावर तो निबंध अजून पोहोचलेला दिसत नाही.

पट्टीच चुकीची निघाली तर?

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला, नाहीतर तुम्ही बेजबाबदार, हा धडा आपल्याला वर्षानुवर्षे पढवला. तो आला कुठून? अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेसाठी २००३ साली लिहिलेल्या पुस्तिकेने त्याला बळ दिले. ती पुस्तिका बिल बर या अधिकाऱ्याने लिहिली होती. जगभरच्या कचेऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. प्रत्यक्षात लोक काय करू लागले? शेवटचा अंक १ चा २ केला, २ चा ३ केला! उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली तपासले, तेव्हा जुना पासवर्ड हाती असल्यास ४१ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड संगणकाने काही सेकंदांत शोधून काढला. अखेर २०१७ साली त्याच मानक संस्थेने आपला सल्ला फिरवला. कारणाशिवाय ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असे सांगितले. निवृत्त झालेल्या बर यांनीही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

मग साथींनो, या चौदा वर्षांत ज्यांना 'पासवर्ड वेळेवर बदलत नाही' म्हणून मेमो मिळाले, त्यांचे काय? पट्टी चुकीची होती हे ठरले, पण त्या पट्टीने मारलेले वळ कोणी पुसले? आणि आजही कित्येक कचेऱ्यांत तोच नियम चालू आहे. नियम मागे घेतला गेला हे साहेबांना माहीत नाही, त्याबद्दल साहेबांचे गुण कोण मोजणार?

दार कोणी उघडे ठेवले?

मोठे दरोडे पडले ते नेहमीच गरीब क्लार्कच्या एका क्लिकने पडले, असा समज पसरवला जातो. दोन मोठी उदाहरणे पाहा.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा संगणक-जंतू जगभर पसरला. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांची कामे खोळंबली. जर्मन रेल्वेच्या स्थानकांवर गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकांवर खंडणीची मागणी झळकली. तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता, कोणी काही उघडण्याची त्याला गरज नव्हती. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये काढलेली होती. ती दुरुस्ती वेळेवर करून घेणे हे काम फलकाखाली उभ्या असलेल्या स्टेशन मास्तरचे होते काय?

त्याच वर्षी जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेतून शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरला. आपल्या न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. इथल्या कोणत्या गोदी कामगाराने धोकादायक सवय दाखवली होती? त्याच्या सवयीला शंभरपैकी शंभर गुण असते तरी टर्मिनल बंदच पडले असते.

मी असे म्हणत नाही की कर्मचाऱ्याच्या चुकीने कधीच नुकसान होत नाही. होते. पण जिथे एका माणसाच्या एका चुकीने सगळे घर जळते, तिथे घर लाकडाचे कोणी बांधले, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

बक्षिसाचे आमिष दाखवून घेतलेली परीक्षा

आता आपल्या धंद्यातले उदाहरण. इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्स ट्रेन्स या रेल्वे कंपनीने २०२१ साली सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठविला. कोविडच्या काळात आपण केलेल्या कष्टांबद्दल आभार म्हणून एक रक्कम देत आहोत, असा त्यात मजकूर. ज्यांनी लिंक उघडली त्यांना कळले, की आभारही नाहीत आणि रक्कमही नाही, ही सुरक्षा चाचणी होती! ज्या रेल्वे कामगारांनी महामारीत गाड्या चालवल्या, आपले साथी गमावले, त्यांच्याच अपेक्षेचा गळ करून त्यांनाच मासा बनवले. तिथल्या टीएसएसए या रेल्वे युनियनने याचा जाहीर धिक्कार केला आणि फसवलेल्या कर्मचाऱ्यांना खरोखरच रक्कम द्या, अशी मागणी केली. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील गोडॅडी कंपनीने नाताळच्या ६५० डॉलर बोनसचे असेच आमिष दाखवले होते, आणि बोभाटा झाल्यावर तिला माफी मागावी लागली.

कंपन्यांचा बचाव ठरलेला आहे. 'चोरही असेच आमिष दाखवतो, मग आम्ही का दाखवू नये?' वा रे न्याय! चोर रात्री घरात शिरतो, म्हणून पोलिसाने रात्री आमच्या घरात शिरून पाहायचे काय?

बरे, अशा परीक्षेने मोजले काय जाते? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील आरोग्य विभागात १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने, दहा वेगवेगळ्या नकली ई-मेलांनी प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. पासवर्ड बदला असे सांगणाऱ्या ई-मेलला १.८ टक्के लोक फसले. सुट्टीच्या नियमांत बदल झाला, असे सांगणाऱ्या ई-मेलला ३०.८ टक्के! माणसे तीच. म्हणजे मोजली गेली ती माणसाची सवय नव्हे, गळाला लावलेल्या आमिषाची चव मोजली गेली. साहेबांना चांगला निकाल हवा असेल तर बेचव ई-मेल पाठवावा, आणि कामगारांना बदनाम करायचे असेल तर रजेचा. पहिल्या महिन्यात दहा टक्के लोक फसले होते. आठ महिने संपेपर्यंत निम्म्याहून अधिक लोक कधी ना कधी एकदा फसलेले होते. निम्मी कचेरी नापास होते तेव्हा चूक निम्म्या कचेरीची असते, की परीक्षेची? आणि ज्यांना प्रशिक्षण दिले व ज्यांना दिले नाही, त्यांच्यातला फरक निघाला अवघा १.७ टक्के. कंत्राटदाराच्या बिलाला मात्र असा टक्का लागत नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही पाहा, तो आपल्या फार कामाचा आहे. झुरिकच्या तंत्र विद्यापीठाने एका मोठ्या कंपनीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर पंधरा महिने अभ्यास केला. फसलेल्या माणसाला तिथल्या तिथे धडा दाखवून तो सुधारला नाही, उलट अधिक फसू लागला, असे त्यात आढळले. मग उपयोग कशाचा झाला? 'हा ई-मेल संशयास्पद वाटतो' असे कळवण्याचे एक बटण कर्मचाऱ्यांना दिले होते, त्याचा! हजारो डोळ्यांपैकी कोणाच्या तरी डोळ्याला खोट दिसते, तो बटण दाबतो, आणि नवा हल्ला थोड्याच वेळात उघडा पडतो. पंधरा महिने लोक कंटाळा न करता कळवत राहिले.

साथींनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एकेकटा पकडून मोजला तर कामगार हा धोका ठरतो, आणि सगळे मिळून विश्वासाने बोलू लागले तर तोच कामगार पहारेकरी ठरतो. आपण युनियनवाले हे शंभर वर्षे सांगत आलो आहोत, आता झुरिकच्या प्राध्यापकांनीही सांगितले. पण बटण कोण दाबेल? ज्याला भीती नाही तो. ज्याला 'विसावे नाव' आठवते तो दाबणार नाही.

रेल्वेने हा धडा कधीच गिरवला आहे

१८८९ साली आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीची गाडी चढावर अडली. ती तोडून दोन भागांत न्यायचे ठरले, आणि मागचे डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली, त्यांत कितीतरी लहान मुले होती. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने काय केले? गार्ड आणि पॉइंट्समन यांच्या सवयींची प्रश्नावली काढली नाही. प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक, ब्लॉक पद्धत आणि इंटरलॉकिंग कायद्याने सक्तीचे केले.

जे साथी रेल्वेत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. इंटरलॉकिंग म्हणजे अशी रचना, की केबिनमधल्या माणसाने एका गाडीला रस्ता दिला की तिला आडवा जाणारा दुसरा रस्ता देण्याचा खटका हलतच नाही. माणूस दमलेला असो, झोपाळलेला असो, घरी मूल आजारी असो, हात चुकला तरी खटका अडतो. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून रेल्वेने आपली सुरक्षा उभी केली.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर वर्षानुवर्षे माणसे मरत होती. आपण फलक लावले, पथनाट्ये केली, 'थांबा, पाहा, मग जा' असे सांगून घसा कोरडा केला. मृत्यू थांबले का? जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरची सगळी बिनफाटकाची क्रॉसिंगे संपवली. कुठे फाटकावर माणूस नेमला, कुठे खालून रस्ता काढला, कुठे क्रॉसिंगच बंद केले. उपदेशाने झाले नव्हते ते रचना बदलल्याने झाले.

एक साथी मला म्हणाले, 'अहो, आपल्याकडेही इन्स्पेक्टर लपून चालकाची अँबुश तपासणी करतोच की! मग ई-मेलच्या परीक्षेला विरोध का?' प्रश्न रास्त आहे. अँबुश तपासणीत चालकाला नियम लेखी माहीत असतो, त्याच्या ड्यूटीच्या तासांना मर्यादा घातलेली असते, आणि सिग्नल चुकला तर तो सिग्नल नीट दिसत होता की नाही हे पाहणारी समितीही असते. सिग्नल ओलांडला म्हणून आपल्याकडे चालकाची नोकरी जाते, तो अन्याय मी विसरलेलो नाही, तो लढा चालूच आहे. पण निदान तिथे सिग्नलही तपासला जातो. ई-मेलच्या परीक्षेत 'सिग्नल' कोण तपासतो? कचेरीचाच खरा ई-मेल नकली ई-मेलसारखा दिसतो, त्यातही घाईघाईची लिंक आणि 'आजच भरा, नाहीतर पगार अडकेल' अशी धमकी असते. रोज अशा ई-मेलांना मान तुकवायला शिकवायचे, आणि एक दिवस मान तुकवली म्हणून कान पकडायचा!

बिन चार्जशीटची शिक्षा

आपल्याकडे १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत. ते कामगाराचे मित्र नाहीत, पण त्यांत आरोप लिहून द्यावा लागतो, उत्तर देता येते, अपील करता येते. या नव्या 'धोका-गुणांका'त काय आहे? आरोप नाही, उत्तर नाही, अपील नाही. नुसता एक आकडा. तो आकडा उद्या बढतीच्या फाइलीत जाईल, परवा बदलीच्या, आणि विचारले तर उत्तर मिळेल, 'हे आम्ही नव्हे, संगणकाने ठरवले.'

कायदाही आपल्याला पूर्ण आडोसा देत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ७ पाहा. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानापासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा त्यात आहे. 'सुरक्षेसाठी' हा एक शब्द उच्चारला, की आपल्या सवयींची वही मालकाच्या हाती! कायद्यातले हे भगदाड आपल्या एकजुटीनेच बुजवावे लागेल.

कारखान्यातील साथींनी ध्यानात ठेवावे, की शिस्तीचे नवे नियम लागू करण्याआधी बदलाची सूचना देण्याचे बंधन जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. असा गुणांक हा शिस्तीचा नवा नियमच आहे, असे ठणकावून सांगा. आम्हा रेल्वेवाल्यांना वाटाघाटीची पीएनएम यंत्रणा १९५२ पासून आहे. हा विषय प्रत्येक विभागाच्या पीएनएम बैठकीत अजेंड्यावर आलाच पाहिजे.

आमच्या मागण्या

आम्ही सुरक्षेच्या विरोधात नाही. प्रवाशांची माहिती, कामगारांचा पगार आणि गाड्यांची यंत्रणा सुरक्षित राहावी, असे साहेबांपेक्षा आम्हाला जास्त वाटते, कारण चोरी झाली तर पहिला बळी आमचाच जातो. म्हणून आमचे म्हणणे असे:

१. सवयींचे मोजमाप करायचेच असेल तर ते नाव न घेता, विभागवार व्हावे. प्रश्नावली आधी युनियनला दाखवावी.

२. कोणत्याही चाचणीच्या निकालावरून मेमो, चार्जशीट, बदली किंवा बढतीत अडवणूक होणार नाही, असे लेखी द्यावे.

३. पगार, बोनस, भत्ता, रजा, आजारपण यांचे आमिष दाखवून परीक्षा घेणे कायमचे बंद करावे.

४. प्रत्येक चुकीबरोबर तिचे कारण नोंदवावे. रिकाम्या जागा किती, लॉगिन मिळायला किती दिवस लागले, संगणक किती जुना, दुरुस्ती केव्हा झाली, प्रशिक्षण ड्यूटीच्या वेळेत दिले की नाही, हे रकाने आधी भरावे.

५. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे लॉगिन हजर होण्याच्या दिवशीच मिळावे. ते मिळेपर्यंत होणाऱ्या घोळाची वसुली कर्मचाऱ्याकडून करू नये.

६. चूक स्वतःहून कळवणाऱ्यास संरक्षण द्यावे आणि खबर देण्यासाठी प्रत्येक संगणकावर साधे बटण व चालू फोन असावा.

७. मुदतीने पासवर्ड बदलण्याचा कालबाह्य नियम मागे घ्यावा.

आणि आपले कर्तव्य

मागण्या करताना आपली बाजूही स्वच्छ हवी. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही, अगदी 'साहेब' म्हणवणाऱ्यालाही सांगू नका. पैशाची किंवा घाईची गोष्ट आली तर ई-मेलमधल्या लिंकवर न जाता शेजारच्या साथीला विचारा, ओळखीच्या क्रमांकावर फोन करा. आणि हात चुकलाच, तर लपवू नका. त्याच मिनिटाला कळवा आणि दुसरा फोन युनियन ऑफिसात करा. लपवलेली चूक एका दिवसात दहा संगणक खाते. कळवलेली चूक एका कामगाराच्या धैर्याची नोंद ठरते, आणि त्या धैर्याच्या पाठीशी उभे राहणे हे आमचे काम.

त्या बाईंचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही चौदा जण साहेबांच्या दालनात गेलो. दोन तास बसलो. यादी मागे घेतली गेली. माफी मिळाली नाही, पण यादी मागे घेतली गेली. परवा त्या बाई भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, 'आता काही संशय आला तर मी कळवते. पण आधी तुम्हाला सांगते, मग त्यांना.' हे सुरक्षेचे लक्षण नव्हे. जिथे कामगार आधी व्यवस्थापनाला सांगू शकेल, ती कचेरी सुरक्षित. ती येईपर्यंत आपल्याला लढायचे आहे.

भुसावळपासून हुबळीपर्यंत आणि इंदूर-बडोद्यापासून सिकंदराबादपर्यंत जिथे जिथे हा विभाग वाचला जातो, तिथल्या प्रत्येक शाखेने आपल्या कचेरीत अशा याद्या निघतात काय, चाचण्या होतात काय, याची माहिती गोळा करावी, ठराव करावा आणि महासंघाकडे पाठवावा. त्यांनी आपले आकडे काढले, आता आपण त्यांचे काढू.

माणूस मोजू नका, व्यवस्था मोजा!
कामगार एकजुटीचा विजय असो!